माशांचा सातबारा

माझे साडू हे अख्ख्या मराठवाड्यातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांच्या दिवाणखान्यात माशांच्या नावावर जमीन आहे. तोंडी नव्हे, रीतसर. मोजलेली, हद्दी कायम केलेली, नकाशावर उतरवलेली आणि प्रत्येक माशाच्या नावाचा वेगळा उतारा काढून फायलीला लावलेली. सरकारदरबारी तो उतारा चालत नाही, एवढंच. पण तो सरकारचा कमीपणा आहे, माशांचा नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी आणि बहिणीला ताई म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, अंगानं काटक, उन्हानं रापलेले, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या दोन पायांमधलं अंतर बघणारे. जन्मभर त्यांनी जमीनमोजणीची नोकरी केली आणि ती अंगात इतकी भिनली, की चपात्यांच्या चवडीकडे बघूनही ते 'तिसरी बाहेर आली आहे' असं सांगतात. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा 'डावीकडून दोन बोटं खाली आहे' असं भर मांडवात ओरडणारे ते हेच. तो वर होईपर्यंत भटजींना मंगलाष्टक थांबवावं लागलं, आणि अक्षता उचललेले दीडशे हात तसेच हवेत राहिले.

दोन भाऊ, मधे एक बांध आणि त्या बांधावरची हातभर जमीन, एवढ्या सामग्रीतून माणूस काय काय करू शकतो हे दाजींनी जितकं पाहिलंय तितकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. देवगाव रंगारीकडे एकदा ऐन मोजणीत एक म्हातारा बांधावर आडवा झाला आणि 'मोजायचं तं माझ्या अंगावरून मोजा' म्हणाला. दाजींनी शांतपणे सांगितलं, 'बाबा, मग जरा सरळ झोपा. पाय पोटाशी घेतले की माप चुकतं.' म्हातारा उठून बसला आणि त्याला हसू आलं, म्हणून ती मोजणी पार पडली. पण सगळ्याच मोजण्या अशा हसण्यावारी जात नसत. शिव्या, शपथा, खोटे साक्षीदार, रातोरात सरकवलेले हद्दीचे दगड, हे सगळं ऐकून-बघून दाजी घरी येत तेव्हा त्यांचं डोकं दगडासारखं झालेलं असे. ज्याला तोंड नाही, ज्याला भाऊ नाही आणि ज्याला जमीन नको, असं काहीतरी घरात पाळावं, असा विचार त्यांनी केला आणि मासे आणायचं ठरवलं.

आधी गप्पी आणले. ते दाजींना पटले नाहीत. 'नुसते इकडून तिकडं, तिकडून इकडं,' ते म्हणाले, 'तुझं घर कुठलं विचारलं तर एकाला सांगता येत नाही.' मग ते शहागंजातल्या मासेवाल्याकडे गेले आणि म्हणाले, एका जागी राहणारा मासा दाखवा. मासेवाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या टाकीतून दोन पेरांएवढे, अंगावर पट्टे आणि डोळ्यांत निळी झाक असलेले इवलेसे मासे काढून दाखवले. 'साब, ये सिक्लिड है. आफ्रिका का माल. रहते शंख में, लड़ते जमीन के वास्ते. पन सोच लो, इनकू संभालना हलकी बात नै.' तिथंच दाजींनी पाठ फिरवायला हवी होती. जमिनीच्या भांडणांना कंटाळून ज्यानं मासे पाळायचं ठरवलं, त्याला साऱ्या दुनियेतून नेमके जमिनीसाठी भांडणारेच मासे मिळावेत, यात काहीतरी दैवी योजना असावी असं मला वाटतं. दाजींना तसं काही वाटलं नाही. त्यांचा चेहरा उजळला आणि ते तीन जोड्या घेऊन घरी आले.

या माशांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोगलगाय मेली की तिचा रिकामा शंख मागे राहतो, त्यात हे मासे घर करतात. एका शंखात एक मासा. मादी अंडी घालते तीही शंखातच, अगदी आत, आणि पिल्लं पुष्कळ दिवस दाराबाहेर पडत नाहीत. शंखाभोवतीची चार बोटं वाळू ही ज्याची त्याची मिळकत. तोंडानं वाळू उचलून शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन टाकणं हा यांचा दिवसभराचा उद्योग, आणि टाकीत बोट घातलंत तर हा दोन पेरांचा जीव तुमच्या बोटावर धावून येतो. मात्र परक्या माणसाची चाहूल लागली की सगळे एका क्षणात शंखात गडप. त्यामुळे दाजींच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला चार फुटांची काचेची टाकी दिसायची, तळाला वाळू, वाळूत शंख, आणि बाकी नुसतं पाणी. 'टाकी छान आहे, मासे कधी आणणार?' हा प्रश्न पाहुणा हमखास विचारायचा. मग दाजी त्याला खुर्चीत बसवायचे, हात मांडीवर ठेवायला लावायचे आणि पाऊण तास हलू द्यायचे नाहीत. आमचे एक नात्यातले काका असे बसल्या बसल्या घोरायला लागले होते. त्यांच्या घोरण्याला मासे बुजले म्हणून दाजींनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवलं.

शंख ही या माशांची घरं, आणि घरं कमी पडायला लागली तसे दाजी अस्वस्थ झाले. मासे वाढत होते. योगायोग असा, की दुष्काळाचं ते पहिलंच वर्ष होतं आणि पैठणच्या धरणाचं पाणी हटत हटत कोसभर मागे गेलेलं. एरवी पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडली होती, तिला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांत गोगलगाईंचे रिकामे शंख पांढरे पडून पसरलेले. दाजी रविवारी तिथं जायचे, बरोबर त्यांचा साखळीवाला. हा बिडकीनचा, मोजणीच्या वेळी साखळीचं दुसरं टोक धरायचं काम त्यानं दाजींसोबत वीस-बावीस वर्षं केलं होतं आणि दाजींच्या कुठल्याच गोष्टीचं त्याला नवल वाटायचं थांबलं होतं. दाजी शंख उचलून पट्टीनं त्याचं तोंड मोजायचे, 'पास' किंवा 'नापास' म्हणायचे, आणि साखळीवाला पास झालेले शंख पिशवीत टाकायचा. घरी आल्यावर दाजींनी ते सगळे ताईंच्या कुकरात घालून तीन शिट्ट्या केल्या. नेमकी संकष्टी होती. त्या रात्री चंद्रोदयानंतरही ताई जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी नवा कुकर आला. जुना कुकर माशांच्या नावे खर्ची पडला, असं दाजी सांगतात.

मोजणी सुरू झाली ती यानंतर. कोण कुठल्या शंखात राहतो याचा घोळ व्हायला लागला म्हणून दाजींनी टाकीचा नकाशा काढला. प्रमाण एकास एक. म्हणजे चार फुटांच्या टाकीचा नकाशाही चार फुटांचा. 'लहान प्रमाणात बारकावे मरतात,' ते म्हणाले. त्यासाठी भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं. प्रत्येक शंखाला गट नंबर मिळाला, गटाला चतुःसीमा मिळाली, हद्दीवर हरभऱ्याएवढे दगड बसवले गेले. माशांनी त्याच आठवड्यात वाळू उकरून ते दगड गाडून टाकले. दाजींनी पुन्हा बसवले. माशांनी पुन्हा गाडले. दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. दाजींनी फेरफाराची वही घातली. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते भिंग आणि पट्टी घेऊन टाकीसमोर बसत आणि कुणी कुणाच्या हद्दीत किती सरकलं ते लिहीत. जेवताना मधेच घास थांबवून 'चार नंबरनं पाचात दोन सेंटिमीटर अतिक्रमण केलंय' असं ते ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात लोक जवळच्या माणसाचं दुखणं सांगतात. ताई म्हणायच्या, 'मग द्या ना नोटीस!' त्यात टोमणा होता हे दाजींना कळत नसे. 'देऊन बघितली,' ते म्हणत, 'काचेवर चिकटवली होती. परिणाम नाही.'

मी या सगळ्याची मनसोक्त थट्टा केली. खोटं कशाला बोलू? नातेवाइकांत दाजींची नक्कल करून दाखवायचा मान माझ्याकडे होता आणि तो मी कुठल्याच बारशाला-मुंजीला सोडला नाही. दाजीही हसायचे. 'तुमच्या हातात पट्टी उलटी आहे,' एवढीच दुरुस्ती सुचवायचे.

पुढचं वर्ष वाईट आलं आणि त्याच्या पुढचं त्याहून वाईट. तेव्हाचं आमचं औरंगाबाद चारी दिशांनी पसरत होतं. बिडकीनच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या, साताऱ्याच्या डोंगराखाली प्लॉट पडत होते, आणि दाजींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, आणि आलं तरी बोटाएवढ्या धारेनं. 'सकाळी मी यांचे प्लॉट पाडतो,' दाजी म्हणायचे, 'अन संध्याकाळी यांच्याच मागं टँकरच्या रांगेत उभा राहतो.' फेब्रुवारीत त्यांच्या इमारतीच्या बोअरनं दम तोडला. आता टाकीचं काय, हा प्रश्न आला. या माशांना जड, क्षारांचं पाणी लागतं, ते आमच्या बोअरला भरपूर होतं, म्हणून तर ते इथं आफ्रिकेसारखे सुखानं नांदत होते. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा असा वास, की चहासुद्धा दवाखान्यात प्यायल्यासारखा लागायचा. ते पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून त्याचा वास उडू द्यायचा आणि मगच टाकीत घालायचं. पण दोन दिवस बादली नुसती ठेवायची म्हणजे घरातल्या माणसांनी ती नुसती बघायची. दाजींनी आपली आंघोळ तीन तांब्यांवर आणली, मग दोनावर. टाकीतून काढलेल्या पाण्यानं फरशी पुसली, फरशी पुसलेलं पाणी कुंडीला घातलं. उन्हाळा चढला तशी टाकी रोज बोटभर आटायला लागली आणि दाजी काचेवर पेन्सिलनं रोजची रेघ मारायला लागले. एक दिवस ताई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. 'अहो, आईला इथं आणायचंय औषधाला,' त्या म्हणाल्या, 'तिला काय पाजू? मी तुम्हाला टाकून द्या नाही म्हणत. पण काहीतरी करा.' तीन वर्षं जपून वाढवलेली ती वस्ती राहते की जाते, असा हा मामला होता, आणि दाजींना तो ताईंच्या आवाजावरून कळला.

दुसऱ्या कुणी मासे परत शहागंजात नेऊन दिले असते. दाजींनी पुनर्वसनाची योजना आखली. तब्येतीनं धडधाकट असे नऊ मासे निवडून, एकेक शंख, एकेक काचेची बरणी, तळाला दोन बोटं वाळू, अशी नऊ घरी सोय लावायची, आणि पाऊस झाला की सगळ्यांना परत आणायचं. बाकीचे मासेवाल्याला दिले. आठ घरं नातेवाइकांची, नववं साखळीवाल्याचं. बरणीसोबत प्रत्येकाला कब्जेपावती मिळाली, तिच्यावर बरणी ठेवायच्या जागेची चतुःसीमा दाजींनी स्वतः येऊन लिहिली. माझी पावती अजून आहे. गट नंबर सात. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस देव्हारा, उत्तरेस लोणच्याची बरणी, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता. वहिवाटीचा रस्ता म्हणजे आमच्या घरात मोरीकडे जायची वाट. 'पाणी दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय घालायचं नाही,' दाजींनी मला तीनदा बजावलं. मी मान डोलावली. सही केली. साक्षीदार म्हणून बायकोनं केली.

पंधरा दिवस मी सात नंबरला जिवापाड जपलं. मग एका सकाळी, दहा दिवस वाट पाहायला लावून नळ आला. ज्यानं तसा नळ येताना पाहिला नाही त्याला त्या वेळी माणसाचं काय होतं ते सांगून कळायचं नाही. आम्ही पातेली भरली, डबे भरले, कुंड्यांच्या ताटल्या भरल्या, आणि त्या आनंदाच्या भरात मी सात नंबरची बरणीही भरली. थेट नळाखाली धरून. दुपारी मासा आडवा होऊन वर तरंगत होता. दोन पेरांचा जीव, पण मला तो केरात टाकवेना. मी त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. बायको म्हणाली, 'आत्ताच्या आत्ता दाजींना फोन करा.' मी म्हणालो, 'करतो.' आणि केला नाही. ज्यानं वर्षानुवर्षं त्या माणसाची नक्कल केली त्यानंच मासाही मारावा, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

रविवारी दाजी आले. भिंग, पट्टी, वही. 'कसा आहे?' त्यांनी विचारलं. 'शंखात आहे,' मी म्हणालो. दाजींनी बरणीकडे बराच वेळ पाहिलं. मग वहीत 'ठीक' असं लिहिलं आणि म्हणाले, 'लाजाळूच आहे तो. चहा टाका.' मी सुटलो. आणि सुटलो म्हणूनच अडकलो, कारण पुढच्या रविवारीही ते आले. त्याच्या पुढच्याही. रिकाम्या शंखाच्या बातम्या तरी किती द्यायच्या? पण माणूस एकदा सुरू झाला की त्याला सुचत जातं. 'काल शेपूट दिसली,' मी सांगू लागलो. 'हल्ली जरा मोकळा झालाय.' 'परवा माझ्याकडे बघून आत गेला, ओळखायला लागलाय.' बायको आतून भांडी आदळायची. एकदा मला वाटलं, जिवंत मासा वाळू उकरतो, आपली वाळू तर सपाट. म्हणून मी चमच्यानं शंखाशेजारी छानसा खड्डा केला. दाजींनी भिंगातून तो खड्डा निरखला. 'उजव्या हाताचा आहे वाटतं तुमचा मासा,' ते म्हणाले. मी चहा टाकायला म्हणून आत वळलो. पण त्यांनी 'ठीक' लिहिलं आणि साखर थोडी कमी घालायला सांगितली.

त्या वर्षी अखेर धरण भरलं. गणपतीच्या सुमारास दाजींचा सगळ्यांना निरोप आला: रविवारी अकरा वाजता आपापल्या ताब्यातला गट घेऊन हजर राहावे. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. शहागंजात जाऊन तसाच एखादा मासा मिळतो का, तेही पाहून आलो. मासेवाला म्हणाला, 'साब, ये हफ्ते में आप चौथे हो. सबकू एकीच मछली होना. माल खतम है.' बाकीचे तीन कोण असतील, हा साधा विचारही त्या धांदलीत माझ्या डोक्यात आला नाही.

रविवारी जिन्यात बायकोचा मावसभाऊ भेटला, छातीशी बरणी धरून. 'कसाय तुमचा?' मी विचारलं. 'शंखात आहे,' तो माझ्याकडे न बघता म्हणाला. 'तुमचा?' 'आमचाही.' वर दिवाणखान्यात आठ बरण्या ओळीनं मांडल्या गेल्या आणि आठ घरचे लोक भिंतीला टेकून बसले. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. कुणाच्या बरणीत मासा हलत नव्हता. ताईंनी पोहे आणले, ते कुणी घेईना. टाकी दाजींनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, पाणी निवळशंख, नवी वाळू, भिंतीवर नवा कोरा नकाशा. तो कोरा नकाशा बघवेना मला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'दाजी, सात नंबर मेला. मार्चमध्येच. मी नळाचं पाणी घातलं. तेव्हापासून मी तुमच्याशी खोटं बोलतोय.'

मग मावसभाऊ म्हणाला, 'आमचा पाडव्याला गेला.' टाकीसमोर घोरलेल्या काकांनी घसा खाकरला. त्यांचा मासा निघून दोन महिने झाले होते. 'निघून' म्हणजे उडी मारून, मिक्सरमागे सापडला. एका घरी कामवालीनं विम टाकून बरणी घासली होती, माशासकट. आठही घरं एकापाठोपाठ बोलली. प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच मेला, बाकीच्यांचे जिवंत आहेत. दाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फेरफाराची वही उघडून, चष्मा लावून, मागचं पान वाचायला घेतलं. 'गट नंबर एक, मयत, वारस नाही. गट नंबर दोन, मयत, वारस नाही.' सगळे आठ. तारखासुद्धा जवळजवळ बरोबर. पुढच्या पानांवर दर रविवारचं 'ठीक' आणि मागच्या पानावर हे. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मासा हलता असला की वाळू रोज बदलते. ज्यानं जन्मभर बांध बघितले त्याला दोन बोटं वाळूतला फरक कळणार नाही, असं आम्ही आठ शहाण्यांनी कसं समजलो, कोण जाणे. वही मिटून दाजी म्हणाले, 'नववाही मयतच धरून चाला. साखळीवाल्यानं तो गुरांच्या हौदात सोडलाय, तिथं जाऊन दोनदा बघितलं मी. हिरवं पाणी, काही दिसत नाही. विचारलं की म्हणतो, हाय की साहेब.'

साखळीवाला आला तेव्हा बारा वाजून गेले होते. बिडकीनहून येताना बस मिळाली नव्हती. हातात दुधाची किटली. बिडकीनला त्याची बरीचशी जमीन कारखान्यांकडे गेली होती, पण विहीर आणि गुरांचा हौद शिल्लक होता. किटली खाली ठेवून तो म्हणाला, 'साहेब, म्या त्याला काय बी केलं नाय. तुमी दिलं त्याच दिशी हौदात सोडलं अन इसरून गेलो. काल हौद धुवायला काढला, तं खाली हे रांगतंय! लई हायेत.' त्याच्या वाट्याला गेलेल्या शंखात मादी होती आणि तिनं आधीच अंडी घातली होती, हे एवढी मोजणी करूनही दाजींच्या नजरेतून सुटलं होतं. विहिरीचं जड पाणी, ब्लीचिंग नाही, हौदात डासांच्या अळ्या पोटभर, आणि मुख्य म्हणजे काळजी घेणारं कुणी नाही.

दाजी किटलीशी मांडी घालून बसले. त्यांनी मोजायला सुरुवात केली. अकरा. पुन्हा मोजले, तेरा. तिसऱ्यांदा बोट धरून मोजायला गेले आणि त्यांना मोजता येईना. चष्मा काढून ते नुसते बसून राहिले. 'मी मोजते, व्हा बाजूला,' म्हणत ताई पुढं आल्या, आणि त्यांनाही ते जमलं नाही. साखळीवाला म्हणाला, 'जाऊ द्या ना, बाई. असतील तेवढे असतील.' इतक्या वर्षांत दाजींसमोर असं वाक्य उच्चारायची कुणाची छाती झाली नव्हती.

सगळे गेल्यावर मी मागे रेंगाळलो. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, 'दाजी, माहीत होतं तर दर रविवारी येत का होतात? आठ घरं, भर उन्हात.' दाजी टाकीत शंख मांडत होते. हात न थांबवता म्हणाले, 'टाकी रिकामी होती, घरात बसवत नव्हतं. हे एक.' मग एक शंख उजेडात धरून बघितला. 'अन दुसरं असं राव, पस्तीस वर्षं लोक माझ्यासमोर खोटं बोललेत. हातभर जमिनीसाठी देवाची शपथ घेऊन बोललेत. मला वाईट वाटू नये म्हणून कुणी खोटं बोललेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. तुम्ही तर शेपूटसुद्धा दाखवली. ते ऐकायला यायचो मी.'

मी पुढचा शंख उचलून त्यांच्या हातात दिला. खरं तर मी काही त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नव्हतो. मी भ्यालो होतो. माझी शोभा होईल, बारशा-मुंजीत आता माझी नक्कल होईल, या भीतीनं मी महिनोन्‌महिने शेपट्या दाखवल्या होत्या. बाकीच्या सात घरांचं मला माहीत नाही. माझं हे असं होतं.

दाजी आता निवृत्त झालेत. टाकी भरलेली आहे, नकाशावर तीस-बत्तीस गट आहेत. आमच्याकडे आता मोजण्यासारखं काही नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते येतात, गुडघा धरून जिना चढतात, खिडकीशी बसतात. कधी कधी साखळीवाल्याचं, ताईंचं, माशांचं बोलणं संपलं की ते आपणहून त्या उन्हाळ्यावर येतात आणि भारावून बायकोला सांगतात, 'तुझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी किती केलं!' बायको माझ्याकडे बघते. तिला सगळं ठाऊक आहे. अशा वेळी खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, असं मला दर खेपेला वाटतं. पण दाजींच्या रापलेल्या चेहऱ्यावर जे काही पसरलेलं असतं ते मी बघतो, आणि मान डोलावून चहा पुढं करतो. माझ्या हिशेबी, त्यांच्यासाठी म्हणून मी बोललेलं खोटं ते एवढंच.